रायमिंग वर्ड्स पाठ करून घेऊ नका



परवा दुसरीतल्या नातवाची वही बघत होते. 'रायमिंग वर्ड्स लिहा' असा गृहपाठ होता. त्याने 'होम'ला 'कम'ची जोडी लावली होती आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. सूनबाई वैतागली. "आई, दोन्हीच्या शेवटी ओ-एम-ई आहे. मग चूक कशी?" मी म्हटलं, "जरा मोठ्याने म्हणून बघ." तिने म्हटलं, 'होम... कम...' आणि स्वतःच हसू लागली.

चूक तिचीही नाही. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आपण बहुतेक जणी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणाऱ्या. इंग्रजी आपण डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही. मराठीत जसं लिहितो तसं बहुतेक वाचतो, म्हणून अक्षरं जुळली की उच्चार जुळला असं आपल्याला वाटतं. इंग्रजीत तसं नसतं. 'सी', 'की', 'बी', 'मी' यांची स्पेलिंगं वेगवेगळी, पण चौघांचं यमक पक्कं. उलट 'टू' आणि 'डू' जुळतात, पण तशाच स्पेलिंगचा 'गो' जुळत नाही. 'चुपके चुपके' (१९७५) सिनेमात धर्मेंद्रने यावरूनच सगळ्यांना हसवलं होतं.

याचं कारण सोपं आहे. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना सुरू केला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगं ठरून गेली. लोकांचे उच्चार मात्र त्यानंतरही बदलत राहिले. 'नाइट'मधला जी-एच एके काळी खरंच उच्चारला जायचा. आता तो फक्त कागदावर उरला आहे. म्हणून मुलाला सांगावं, यमक कानाने शोध, डोळ्याने नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते अर्थाबद्दल. नातू 'कॅट, बॅट, मॅट, रॅट' घडाघडा म्हणतो. मी विचारलं, "मॅट म्हणजे काय रे?" उत्तर आलं, "कॅटचा रायमिंग वर्ड!" दहापैकी दहा गुण, आणि हाती शब्द एकही नाही. मुलं याद्या पाठ करतात, आपण खूश होतो आणि पुढे चौथी-पाचवीत मूल धडा वाचतं पण त्याला समजत नाही. तेव्हा मग आपण मुलालाच बोल लावतो.

आपल्या मराठी व्याकरणात यमकाची व्याख्या काय आहे, आठवा. तीच अक्षरं ठरावीक ठिकाणी पुन्हा यावीत, पण *वेगळ्या अर्थाने*. म्हणजे अर्थ कळल्याशिवाय यमक पुरं होतच नाही. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांची यमकं चुकत नव्हती आणि प्रत्येक शब्द त्यांच्या घरातला, शेतातला असायचा. णमोकार मंत्रही आपण मुलांना आधी कानावर घालतो, मग एकेका पदाचा अर्थ सांगतो. इंग्रजीच्या बाबतीतच आपण अर्थ का सोडून देतो?

मालवणात तर शब्द दारातच आहेत. जेटीवर उभं राहून समोर बोट दाखवा. 'फोर्ट' म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, 'पोर्ट' म्हणजे बंदर आणि गावातलं 'कोर्ट' तर त्याला माहीतच आहे. तिन्ही जुळले, आणि कोर्टाचं स्पेलिंग वेगळं आहे हेही लक्षात राहिलं. 'टाइड' म्हणजे भरती-सुकती, 'वाइड' म्हणजे रुंद, 'साइड' म्हणजे बाजू. सुकतीला किनारा किती 'वाइड' होतो ते दाखवलंत की शब्द विसरायचा नाही.

एका मैत्रिणीने विचारलं, "यादीत 'डिश-फिश' आलं तर काय करायचं? मी ते वगळते." मला ते पटत नाही. मालवणात राहून मुलाला मासा कळू नये असं कसं होईल? शब्द शिकणं म्हणजे तो ताटात घेणं नव्हे. उलट तेव्हाच सांगता येतं की 'फिश' पाण्यात जगतो, आपल्यासारखाच जीव आहे, म्हणून आपल्या 'डिश'मध्ये नसतो.

"आमचे उच्चार चांगले नाहीत," असं काही जणी म्हणतात. खरं आहे, 'शिप' आणि 'शीप' यांत माझीही गडबड होते. पण मोबाइलमधल्या शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चित्र असतं. ते दाबा, मुलाबरोबर ऐका, दोघांनी म्हणा. 'बॅट' आणि 'बॉल' नीट लिहिता यावेत म्हणून मराठीने ॲ आणि ऑ हे स्वर घेतले, २००९ साली शासनाने ते वर्णमालेतही घातले. भाषा इतकी शिकते, तर आपण का लाजायचं?

म्हणून एवढंच करा. रोज दोनच जोड्या घ्या. आधी ऐका, मग म्हणा, मग घरात किंवा रस्त्यावर ती वस्तू दाखवा, स्पेलिंग सगळ्यात शेवटी. याला शिकवणीची फी लागत नाही. भाकरी थापता थापताही होतं.

आमच्याकडे काल नातवाने 'होम'ला नवी जोडी शोधली, 'फोम'. आंघोळीच्या वेळी, साबणाचा फेस हातात घेऊन.