अंथरूण पाहून

नाताळची सुटी जवळ आली की शाळा-कॉलेजांची शिबिरे निघतात, आणि मुले घरी जी सामानाची यादी आणतात तीत अलीकडे ‘स्लीपिंग बॅग’ हा शब्द हटकून आढळतो. मग वडीलधाऱ्यांची पंचाईत होते. वस्तू स्वस्त नाही. न घ्यावी तर मुलगा हिरमुसतो, आणि घ्यावी म्हटले तरी कोणती घ्यावी, हे उमगत नाही.

आमच्या घरीच हा प्रसंग घडला. आमचा पुतण्या एका मे महिन्यात बेळगावहून हिमाचलात गिर्यारोहणाच्या शिबिरास निघाला. दुकानात पिशवीवर ठळक अक्षरांत ‘उणे ७’ असे छापलेले पाहून आम्ही निश्चिंत झालो व पैसे मोजले. मनालीच्या वरच्या अंगाला, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, तंबूत पहिली रात्र उजाडेपर्यंत त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे दातखिळी बसायची वेळ आली, तेव्हा सोबत्याने आपले पांघरूण अर्धे त्याच्यावर घातले. त्या दिवसांतही तेथे रात्री पारा शून्याजवळ उतरतो. मग ‘उणे ७’ची पिशवी अपुरी का पडली?

चूक आमच्या वाचनाची होती. आता बहुतेक चांगल्या पिशव्यांवर आयएसओ २३५३७ या मापाने काढलेले तीन आकडे असतात. अंगावर ऊब देणारी यंत्रे बसविलेला पुतळा पिशवीत निजवून हे आकडे काढतात. पहिला ‘कम्फर्ट’, म्हणजे साधारण बांध्याच्या स्त्रीस स्वस्थ झोप लागेल अशी थंडी. दुसरा ‘लिमिट’, म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढील ती. तिसरा ‘एक्स्ट्रीम’. त्या थंडीत झोपेची गोष्टच नको. गारठून प्राण जाऊ नये एवढीच, तीही सहा तासांपुरती, आशा. आमच्या पुतण्याच्या पिशवीवरचा ठळक आकडा हा तिसरा होता. शिवणीतील चिठ्ठीवर बारीक अक्षरांत पहिला होता, १०! वाचकहो, पिशवी घेताना चिठ्ठी उलटून पहिला आकडाच पाहावा, आणि मूल लहान वा अंगाने किरकोळ असेल तर त्यातही थोडी सूट धरावी.

दुसरी चूक त्याहून साधी. त्याने ती पिशवी उघड्या जमिनीवर पसरली होती. स्लीपिंग बॅग काही शेगडी नव्हे. ती ऊब निर्माण करीत नाही, आपल्याच देहाची ऊब भरणातील हवेत अडवून ठेवते. पाठीखाली भरण दबले की हवा निघून जाते, आणि जमीन अंगातील ऊब शोषून घेते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की आधी फोमची चटई घ्यावी, मग पिशवीचा विचार करावा. भारी पिशवी घेऊन चटईवर काटकसर करणे हा उलटा हिशेब होय.

भरण दोन प्रकारचे असते. बदकांच्या वा हंसांच्या पिसांखालची लव अति हलकी व उबदार, पण महाग. आणि ओली झाली की गोळा होऊन निकामी. पॉलिएस्टरचे भरण वजनाने जड, तरी ओलसर असताना थोडीबहुत ऊब राखते व लवकर सुकते. आंबोली-चोर्ला घाटातील दव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातले कोणते घ्यावे हे सांगणे नकोच. तंबूत तर निजणाऱ्यांच्या श्वासानेही आतून पाणी धरते. म्हणून तोंड पिशवीत घालून निजू नये.

पिशवी फार ऐसपैसही नसावी, कारण आतली रिकामी जागा आपल्यालाच तापवावी लागते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण येथे थोडी फिरवून, पाय पाहून अंथरूण घ्यावे, अशी वापरावयास हवी! आत जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून घातली की पिशवी मळत नाही. घरी परतल्यावर ती नीट वाळवून सैल टांगावी. छोट्या थैलीत वर्षभर कोंबून ठेवली तर भरण दबून जाते.

आता मुळातला प्रश्न : ती घ्यावीच काय? आपल्या जांबोटी-आंबोलीकडे डिसेंबरातही पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. खाली चटई व घोंगडी, वर आजीची वाकळ, कानाला टोपी, पायांत कोरडे मोजे आणि पोटात गरम जेवण, एवढ्यावर तेथील रात्र सुखाने जाते. वाकळीचे ओझे होते हे खरे. पण ते गाडीत जाते, मुलाच्या पाठीवर नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र आयोजकांस आधी विचारावे, कारण पुष्कळ ठिकाणी पिशव्या तेच पुरवितात वा भाड्याने देतात.

पुतण्याची धाकटी बहीण यंदा आंबोलीस जाणार आहे. तिने भावाची पिशवी मागितली. आम्ही तिला आधी चिठ्ठी वाचून दाखवावयास सांगितले. आंबोलीस दहाचा आकडा पुरेल, असे तीच म्हणाली, आणि चटई मागावयास शेजारी गेली.