नैसर्गिक नट, अभ्यासू नट : डॉ. लागू आणि निळू फुले

मराठी रंगभूमीच्या आठवणींमध्ये नटांच्या चुरशीच्या कथा जितक्या चवीने सांगितल्या जातात, तितक्या त्यांच्या परस्परांविषयीच्या आदराच्या कथा सांगितल्या जात नाहीत. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग घ्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर त्या रात्री एका रंगमंचावर आले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनी हे का मान्य केले असेल, एकमेकांचे गाणे इतक्या जवळून ऐकताना त्यांना काय वाटले असेल, हे प्रश्न बाजूलाच राहिले. शंभर वर्षे उलटली तरी चर्चा त्या रात्री कोण सरस ठरले याचीच चालते. अगदी अलीकडे, २०१८ साली, डॉ. काशिनाथ घाणेकरांवर चित्रपट निघाला, त्यातही डॉ. श्रीराम लागू आले ते प्रामुख्याने प्रतिस्पर्धी म्हणून. स्पर्धेत नाट्य असते, हे मान्य. पण ज्या सहनटाविषयी डॉ. लागूंना आयुष्यभर आदर वाटला त्या निळू फुल्यांशी असलेल्या त्यांच्या नात्यावर कोणी चित्रपट काढील असे वाटत नाही. त्यात भांडण नाही ना!

हे नाते मला साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण आपल्या समीक्षेच्या एका जुन्या सवयीत आहे. लागूंविषयी लिहिताना आपण ‘अभ्यासू’, ‘बुद्धिनिष्ठ’, ‘चिंतनशील’ ही विशेषणे वापरतो. निळूभाऊंविषयी लिहिताना आपोआप ‘नैसर्गिक’, ‘अस्सल’, ‘मातीतला’ हे शब्द येतात. दोन्हीकडे कौतुकच आहे. पण ते एका मापाचे नाही. ‘नैसर्गिक’ म्हणताना आपण त्या नटाचे श्रम काढून घेतो. झाडाला फळ यावे तसा त्याला अभिनय आला, असे सुचवतो. शिवाय हे विशेषण आपण कोणाला लावतो, याचा हिशेब मांडला तर त्यात जात, गाव आणि शिक्षण यांची उतरंड स्पष्ट दिसू लागते. लोकनाट्यातून, तमाशातून, कलापथकातून आलेला नट नैसर्गिक. प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला नट अभ्यासू. लागूंना हे विभाजन मान्य नव्हते, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्या निळूभाऊंबरोबरच्या कामातच सापडतो.

दोघांच्या वाटा पाहिल्या तर हे विभाजन इतके सोयीचे का ठरले ते समजते. लागू १९२७ साली साताऱ्यात जन्मले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले, आफ्रिकेत व्यवसाय करून आले आणि चाळिशी ओलांडल्यावर वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झाले. निळू फुलेही पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात होते. पण सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत, माळी म्हणून. त्यांचे नाट्यशिक्षण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात झाले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडदा. घशाचे शास्त्र जाणणारा एक आणि मोकळ्या मैदानावर, हजारोंच्या गर्दीत आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा पोचवायचा हे शिकलेला दुसरा. यांपैकी ज्ञान कोणाचे आणि निसर्ग कोणाचा, हे ठरवायचे कसे?

मला वाटते, लागूंना निळूभाऊंचे मोल कळले ते आवाजाच्याच बाजूने. ‘वाचिक अभिनय’ या नावाचे स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटलेला हा नट. श्वास कुठे घ्यावा, वाक्य कुठे तोडावे, शब्दावरचा आघात अर्थ कसा फिरवतो, याचा त्याने जन्मभर विचार केला. अशा माणसासमोर निळू फुले येतात. ते अक्षरे ओढतात. वाक्याच्या मध्येच थांबतात आणि त्या थांबण्यात समोरच्याला घाम फुटतो. आवाज चढवत नाहीत. उलट धमकी जितकी मोठी तितका तो खाली आणतात. नकलाकारांनी या लकबींचे पुढे जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. बाईला वाड्यावर बोलावणारा पाटील एवढीच त्यांची ओळख उरली. नक्कल आवाजाची करता येते, थांबण्याच्या मोजमापाची करता येत नाही. ते मोजमाप ऐकू येण्यासाठी स्वतः त्या विद्येत मुरलेला कान लागतो, आणि तो लागूंपाशी होता.

‘सामना’ हा या नात्याचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन; १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला. साखर कारखानदार हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले आणि गावात येऊन पडलेला, दारूत बुडालेला, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक मास्तर म्हणजे लागू. हिंदूराव त्या मास्तराला वाड्यावर नेतो, खाऊपिऊ घालतो, आणि हा पाहुणा मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच विचारत राहतो. मराठी चित्रपटातले हे बहुधा सर्वांत जास्त स्मरणात राहिलेले प्रश्नचिन्ह असेल. ते विचारणारा नट जितका लक्षात राहतो तितकाच ते ऐकून घेणाराही राहतो, हे मात्र आपण विसरतो.

या चित्रपटात लागूंकडे बोलणे पुष्कळ आहे. मास्तर बरळतो, तत्त्वज्ञान सांगतो, स्वतःवर हसतो. बोलण्यावर इतकी हुकमत असलेल्या नटाला असे पात्र मिळाले की समोरच्याला झाकून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. लागू तसे करत नाहीत. ते पुनःपुन्हा थांबतात आणि हिंदूरावाच्या चेहऱ्यावर प्रश्न पोचू देतात. निळूभाऊ त्या जागेत फारसे काहीच करत नाहीत. यजमानाचा मान राखून बसलेला, आदबीने बोलणारा, मनात हिशेब करणारा माणूस. डोळे किंचित बारीक होतात, एवढेच. प्रेक्षकाला मात्र सत्ता कशी विचार करते ते दिसते. ही जागा मोकळी सोडणे, हा समोरच्या नटावरचा विश्वास आहे. आदर व्यक्त करण्याची नटापाशी असलेली ही सर्वांत प्रामाणिक रीत म्हणायला हरकत नाही, कारण सत्कारसमारंभात कोणीही कोणालाही थोर म्हणू शकतो. (आपल्याकडे ते रोज म्हटले जाते. ‘हरहुन्नरी’, ‘चतुरस्र’, ‘रसिकांच्या मनावर अधिराज्य’ या शब्दांवर एकदा बंदीच घालायला हवी.)

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाही पाहिजे. शहरी, उच्चवर्णीय, उच्चशिक्षित नटाने माळीकाम केलेल्या नटाची प्रशंसा करावी आणि आपण तिच्यावरून त्या नटाचे मोठेपण ठरवावे, हे पुन्हा त्याच उतरंडीवर शिक्कामोर्तब नाही काय? निळू फुल्यांना लागूंच्या प्रमाणपत्राची गरज होती काय? नव्हती. लागू भेटण्याआधीच महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्रेक्षकाने ते दिले होते. परंतु आश्रयदात्याची प्रशंसा आणि सहकाऱ्याचा आदर यांत फरक असतो. आश्रयदाता स्वतः धोक्यात येत नाही. लागू ‘सामना’त एकाच चौकटीत, एकाच क्षणी, निष्प्रभ ठरण्याचा धोका पत्करून उभे राहिले. ते त्याआधी ‘नटसम्राट’ झालेले होते (पहिला प्रयोग डिसेंबर १९७०), हेही ध्यानात घ्यावे. आणि निळूभाऊंना थोर नट मानताना ‘शिक्षण नसूनही’ किंवा ‘ग्रामीण असूनही’ अशी सवलत त्यांनी कधी दिल्याचे जाणवत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा फोलपणा निळूभाऊंच्या भूमिकांची नुसती यादी केली तरी कळतो. तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर त्यांनी १९७२ साली रंगमंचावर आणला. नाटक अश्लील ठरवून त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले. पण त्या गोंधळात एक साधी गोष्ट निसटली. सखाराम हा जन्माने ब्राह्मण आहे, घर सोडून पळालेला, शिवराळ, स्वतःचे कायदे करणारा. त्यात निळूभाऊंच्या मातीतले नैसर्गिक ते कोणते? जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये ते सत्तेने पोखरलेल्या काळात उभे असलेले वृद्ध गांधीवादी अप्पाजी होते, म्हणजे हिंदूरावाच्या नेमके विरुद्ध टोक. आणि १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये मुंबईतला पत्रकार दिगू टिपणीस. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेल्या त्या चित्रपटात लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत, अरुण सरनाईक मुख्यमंत्री, आणि या सगळ्यांचे ऐकत हिंडणारा दिगू. राजकारणी माणसे बोलतात, दिगू टिपून घेतो. ‘सामना’त ऐकणारा सत्ताधारी होता, येथे ऐकणाऱ्यापाशी कसलीच सत्ता नाही, आणि शेवटी त्याच्याजवळ उरते ते वेडे हसू. दोन्ही भूमिकांत निळूभाऊ प्रामुख्याने ऐकतात, पण त्या ऐकण्याची जात अगदी वेगळी आहे. हे आपोआप होत नाही.

भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी सात्त्विक हा सर्वांत अवघड. सत्त्व म्हणजे एकाग्र मन, असा त्याचा खुलासा केला जातो. पडद्यावर आयुष्यभर खलपुरुष रंगवणाऱ्या नटाच्या संदर्भात ‘सात्त्विक’ हा शब्द वापरला की वर्गात हशा पिकतो. शास्त्राच्या अर्थाने मात्र तोच शब्द चपखल आहे.

लागूंच्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’. नट म्हणजे दुसऱ्याचा माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणारा, हे त्या शीर्षकातले सूचन. मराठवाड्यातल्या वाचकाला हा शब्द वेगळा ऐकू येतो. आमच्याकडे लमाण हे रूपक नाही. तांडे आहेत, त्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी माणसे आहेत आणि त्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात. पाठीवर ओझे वाहणे म्हणजे काय हे त्यांना लागूंपेक्षा अधिक ठाऊक असते, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. तरीही या शीर्षकातली नम्रता मला खोटी वाटत नाही. स्वतःला वाहक समजणारा नट दुसऱ्या वाहकाच्या खांद्याकडे नीट पाहू शकतो. त्यातून पुढे जे घडले ते रंगमंचाबाहेरचे होते. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावे म्हणून उभ्या राहिलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू आणि निळूभाऊ अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत फिरले. ‘सामना’तले दोन प्रतिस्पर्धी अत्र्यांच्या हलक्याफुलक्या नाटकात एकत्र, आणि गल्ला चळवळीतल्या माणसांसाठी. निळूभाऊंचा सेवा दलाचा पिंड आणि लागूंचा बुद्धिवाद येथे एकमेकांना भेटले. अभिनयाविषयीचा आदर माणसाविषयीच्या आदरापर्यंत गेला, की उलट क्रमाने घडले, याचा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही.

निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी गेले, लागू १७ डिसेंबर २०१९ रोजी. निळूभाऊंच्या अखेरच्या चित्रपटांपैकी ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’मध्ये त्यांच्याबरोबर मकरंद अनासपुरे होते. औरंगाबादच्या नाट्यवर्तुळात घडलेल्या या नटाने मराठवाडी बोली पडद्यावर रुळवली, आणि त्यांच्याही वाट्याला पुन्हा तोच शब्द आला : नैसर्गिक. बीड-परभणीकडून नाटक शिकायला या शहरात येणाऱ्या मुलामुलींना आजही सरपंच, गडी, मोलकरीण यांची कामे चटकन मिळतात, ‘तुला ते सहज जमेल’ असे सांगून. हॅम्लेट कोणाला द्यायचा याचा विचार वेगळ्या पद्धतीने केला जातो.

एम. ए. च्या वर्गात ‘सामना’ शिकवताना मी काही वेळ पडदा झाकून नुसता आवाज ऐकवतो. बहुतेकांना मास्तराचा आवाज आधी पकडतो. दुसऱ्यांदा ऐकले की मुले हिंदूरावाचे थांबणे मोजू लागतात, आणि कारखान्याच्या पट्ट्यातून आलेला कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सर, आमचे चेअरमन अगदी असेच बोलतात.’ मग मी ‘सिंहासन’मधला दिगू ऐकवतो. वर्ग काही वेळ गप्प असतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘हा त्याच माणसाचा आवाज आहे?’