दिवा कोणाचा, देखावा कोणाचा?

फ्रान्समधील ल्याँ शहरात दरवर्षी ८ डिसेंबरच्या आगेमागे चार रात्री दिव्यांचा उत्सव भरतो. प्लास दे तेरो चौकातील इमारतींवर, सां-ज्याँ कॅथेड्रलच्या दगडी दर्शनी भिंतीवर प्रक्षेपकांतून चित्रे धावू लागतात आणि संगीताच्या तालावर सारी भिंत हलल्याचा भास होतो. हा खर्च पेलण्यास महापालिकेबरोबर मोठमोठ्या व्यापारी कंपन्याही पुढे येतात, आणि लक्षावधी माणसे मान वर करून पाहत राहतात. जगभरच्या महापालिकांना या देखाव्याचा हेवा वाटतो.

परंतु हा उत्सव कोणत्याही महापालिकेने सुरू केलेला नाही. १६४३ मध्ये प्लेगच्या भयाने ग्रासलेल्या ल्याँच्या नगरप्रमुखांनी माता मरियेला नवस केला आणि फुर्व्हिएर टेकडीवर दरवर्षी मेण व सुवर्णमुद्रा अर्पण करण्याचे मान्य केले. पुढे त्याच टेकडीवर मरियेची मूर्ती बसवायचे ठरले. मूर्तिकार फाबिश यांच्या कार्यशाळेत साओन नदीचा पूर शिरला आणि १८५२ च्या सप्टेंबरमधील सोहळा ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आले! सोहळा पुन्हा पुढे ढकलावा की काय, या विचारात आयोजक असताना सायंकाळी आभाळ निवळले आणि कोणाच्याही आदेशाविना घरोघरच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. रंगीत काचेच्या लहानशा पेल्यात जळणाऱ्या या बुटक्या मेणबत्तीला तेथे ल्युमिन्यों म्हणतात. दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवणाऱ्या आपल्या घरांना तिचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

१९८९ मध्ये शहरातील वास्तू कायमस्वरूपी उजळण्याची योजना आली आणि १९९९ पासून या रात्रींना आजचे महोत्सवाचे रूप लाभले. आमचा आक्षेप प्रकाशतंत्राला नाही. आक्षेप आहे तो, 'ही केवळ कला, हिचा श्रद्धेशी संबंध काय?' असे विचारणाऱ्या सोयीस्कर बुद्धिवादाला. टेकडीवर आजही 'धन्यवाद मरिये' ही अक्षरे प्रकाशाने झळकतात, ती या मंडळींना दिसत नाहीत काय? ८ डिसेंबर ही तारीख चालते, त्या तारखेभोवती जमणारी गर्दी चालते, तीवर फुलणारा हॉटेलांचा धंदा चालतो. नको असते ती फक्त तारखेमागची कथा. राज्यसंस्थेने धर्मापासून अलिप्त राहावे, हा फ्रान्सचा १९०५ पासूनचा कायदा आहे. त्या कायद्याने शासनावर बंधन घातले. नगराने आपले पूर्वज विसरावेत असे तो कोठे सांगतो?

यावर एक युक्तिवाद हमखास येतो : श्रद्धा नसलेले ल्याँकरही खिडकीत दिवा लावतात, तेव्हा हा दिवा धार्मिक कसा? लावतात, हे खरेच. पण याचा अर्थ एवढाच की आजीने लावलेला दिवा नातवाला, देवळात न जाताही, आपला वाटतो. परंपरा जिवंत असते ती अशी. प्रक्षेपकाच्या बाबतीत हे घडत नाही. त्याच्यापुढे नागरिक प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाच्या हाती काही नसते.

२०१५ मध्ये याची परीक्षाच झाली. १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दहशतवाद्यांनी १३० जणांचे प्राण घेतले. एवढ्या मोठ्या गर्दीचे रक्षण कसे करायचे, या चिंतेने महोत्सव रद्द झाला. मग शहराने नागरिकांना काय आवाहन केले? मृतांच्या स्मरणार्थ ८ डिसेंबरला खिडकीत दिवे लावा! २०२० मध्ये महामारीने महोत्सव पुन्हा थांबवला, तेव्हाही खिडक्या उजळल्याच. प्रायोजक नाही, कलादिग्दर्शक नाही, तिकडे यंत्रे पेट्यांत बंद; आणि संकटाच्या घडीला नगराला आठवली ती १८५२ चीच मेणबत्ती.

म्हणून ल्याँच्या कारभाऱ्यांना आमचे एवढेच विचारणे आहे : चार रात्रींपैकी निदान ८ डिसेंबरच्या सायंकाळी, एक तासापुरते का होईना, शहरातील सारे प्रक्षेपक बंद ठेवाल काय?