बंगळुरूच्या वेशीपलीकडचा अभ्यास दौरा

राज्याबाहेरील अभ्यास दौऱ्यांचे बेत ठरू लागले की महाराष्ट्रातील शेतकरी गटांच्या यादीत बंगळुरूचे नाव बहुधा वरच्या क्रमांकावर असते. ते स्वाभाविकही आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ, १९६७ पासून कार्यरत असलेली आणि आज हेसरघट्टा येथे विस्तारलेली भारतीय बागवानी संशोधन संस्था, हैदरअलीने १७६० मध्ये पाया घातलेली लालबाग आणि कृषी विद्यापीठाच्या आवारात भरणारा कृषी मेळा, एवढे सारे एका शहराच्या परिघात सापडते. दोन दिवस प्रक्षेत्रे पाहण्यात जातात, तिसरा दिवस बाजारपेठेत आणि परतीच्या तयारीत संपतो. दौऱ्याच्या अहवालात संस्थांची नावे, वाणांची यादी आणि सामूहिक छायाचित्र असते. कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूर, दोड्डबळ्ळापूर, रामनगर ही नावे मात्र त्यात क्वचितच आढळतात.

या दौऱ्यांतील उणीव नेमकी येथे आहे. संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर एखाद्या अडचणीचे उत्तर पाहावयास मिळते. मूळ अडचण काय होती आणि ते उत्तर शेतकऱ्याला परवडते का, हे शिवारात गेल्यावाचून कळत नाही. बंगळुरूच्या भोवतालचा मुलूख ही त्या संस्थांची खरी परीक्षाभूमी आहे. ती न पाहता परतणारा गट अर्धेच शिक्षण घेऊन परततो.

राजधानीच्या तेजात तिचा प्रदेश झाकोळून जाणे हे केवळ बंगळुरूच्या वाट्याला आलेले नाही. इटलीत रोम पाहण्यास जगभरातून लोक येतात; परंतु रोम ज्या लात्सिओ प्रांताची राजधानी आहे, त्या प्रांताच्या शेतीकडे फारच थोडे वळतात. लातिना परिसरातील दलदलीच्या जमिनी १९३० च्या दशकात निचरा करून लागवडीखाली आणल्या गेल्या आणि आज त्याच भागात किवी फळाच्या विस्तीर्ण बागा आहेत. उत्तरेकडील वितेर्बोच्या टेकड्यांवर हेझलनटची लागवड आहे. रोमची स्मारके पाहून परतणाऱ्या प्रवाशाला याचा पत्ता लागत नाही. प्रवाशाचे त्यात फारसे बिघडत नाही. अभ्यासासाठी, तेही सार्वजनिक निधीतून, निघालेल्या शेतकऱ्याचे मात्र बिघडते.

वास्तविक हा मुलूख मराठी माणसाला अपरिचित असण्याचे कारण नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुरूबरोबर कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर ही ठाणीही होती. चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. याच अभियंत्याने मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर बसविण्यात आले आणि नीरा कालव्यावरील ब्लॉक पद्धतीशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. पुणे जिल्ह्यातील कालव्याच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या बागायत करणाऱ्यांनी त्यांच्या गावाचे शिवार एकदा अवश्य पाहावे. नंदी डोंगररांगांच्या परिसरात दोन्ही पिनाकिनी, पालार आणि अर्कावती या नद्या उगम पावतात. तरीही कोलार आणि चिक्कबळ्ळापूर या दोन्ही जिल्ह्यांत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. नद्यांचा उगम आणि पाण्याचे दुर्भिक्ष एकाच ठिकाणी कसे नांदते, हा या प्रदेशाचा पहिला धडा आहे.

पूर्वी येथील शेती तलावांवर उभी होती. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात जावा, अशा साखळीने बांधलेले हजारो तलाव हे या पठाराचे वैशिष्ट्य. त्यांतील पाण्याचे वाटप करणाऱ्यास ‘नीरगंटी’ म्हणत. धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे स्थान, तेच येथे नीरगंटीचे. भंडारा-गोंदियातील मामा तलावांची सद्यःस्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढची कथा सांगावयास नको. विंधन विहिरी आल्या, तलावांकडे दुर्लक्ष झाले, गाळ साचला, आणि पाण्याचा शोध हजार फुटांच्याही खाली जाऊन पोहोचला. कोलारचा टोमॅटो आणि चिक्कबळ्ळापूरची द्राक्षे व फुले यांचा डोळे दिपविणारा विस्तार या खोल पाण्यावर झाला आहे. सांगलीचा पूर्व भाग, सोलापूर किंवा मराठवाडा येथील बागायतदाराने हा विस्तार पाहताना त्याखालची ही खोलीही मोजली पाहिजे. कारण त्याच वाटेने तोही चालला आहे.

या संकटावर कर्नाटकाने योजलेला एक उपाय आज देशभर चर्चेत आहे. बंगळुरूच्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातील सांडपाणी प्रक्रिया करून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्यास २०१८ मध्ये प्रारंभ झाला. दररोज ४४ कोटी लिटर पाणी उचलून शंभराहून अधिक तलाव भरावेत, अशी ही योजना आहे. हे पाणी थेट पिकाला द्यावयाचे नसून, तलावांतून झिरपून भूजल वाढावे, हा तिचा हेतू. त्याच वर्षी लक्ष्मीसागर तलावात फेस आला, प्रकरण न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. तलाव भरले, विहिरींना पाणी आले, असे सांगणारे शेतकरी तेथे भेटतात. दुय्यम स्तरापर्यंतची प्रक्रिया पुरेशी नाही, तृतीय स्तराची प्रक्रिया हवी, असा आग्रह धरणारेही भेटतात. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. पुण्यातील मुंढवा जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्याद्वारे हवेली-दौंडच्या शेतीला देण्याची योजना असल्याने हा प्रश्न महाराष्ट्राच्याही दारात आलेला आहे. शहरांचे सांडपाणी उद्या अनेक तालुक्यांचे सिंचन ठरणार असेल, तर त्याची माती, पीक आणि विहिरीच्या पाण्यावरील चिन्हे कशी ओळखावीत, हे कोलारच्या तलावाकाठी उभे राहून विचारणे सभागृहातील व्याख्यान ऐकण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

दुसरा धडा बाजाराचा आहे. कोलारची टोमॅटो बाजारपेठ ही देशातील अत्यंत मोठ्या बाजारपेठांपैकी एक. तेथे १५ किलोच्या पेटीवर भाव पुकारला जातो, तर नारायणगावात २० किलोच्या क्रेटवर. कोलारच्या आवकेकडे नारायणगावच्या व्यापाऱ्याचे लक्ष असते आणि नारायणगावच्या आवकेकडे कोलारच्या. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा कोलारमधील पिकावर लीफ कर्ल विषाणूचा प्रादुर्भाव झालेला होता. याच रोगाला, तसेच जिवाणूजन्य मर आणि लवकर येणाऱ्या करप्याला प्रतिकारक असा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण हेसरघट्ट्याच्या संस्थेने त्यापूर्वीच विकसित केलेला होता. प्रक्षेत्रावर हा वाण पाहून प्रभावित झालेल्या गटाने कोलारच्या शेतकऱ्यांस एकच प्रश्न विचारावा: तुम्ही तो लावता का, लावत असल्यास अनुभव काय, लावत नसल्यास कारण काय? फळाचा टणकपणा, दूरच्या बाजारातील मागणी, रोपवाटिकेत रोपांची उपलब्धता, यांपैकी जे कारण पुढे येईल, ते विस्तार कार्यकर्त्यासाठी वाणाच्या माहितीपत्रकाइतकेच महत्त्वाचे आहे.

कांदा उत्पादकांसाठी तर चिक्कबळ्ळापूर आणि कोलार हे स्वतंत्र अभ्यासाचे विषय व्हावेत. येथे पिकणारा ‘बंगलोर रोझ’ हा लहान, चपटसर, गडद गुलाबी कांदा देशात फारसा खाल्ला जात नाही. तो मुख्यतः आग्नेय आशियात निर्यात होतो. त्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आल्यानंतर ऑक्टोबरमध्ये या कांद्याच्या १० हजार टन निर्यातीस स्वतंत्र परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागू झाले, तेव्हाही सप्टेंबरअखेर हा कांदा त्यातून वगळण्यात आला. नाशिकच्या शेतकऱ्याला यात अन्याय दिसणे शक्य आहे. परंतु यातील युक्तिवाद समजून घेतला पाहिजे. ज्या मालाची ओळख वेगळी, ज्याचा ग्राहक ठरलेला आणि ज्याच्या निर्यातीने देशातील भाव हलत नाही, त्याच्यासाठी धोरणात वेगळी वाट मागता येते. मानांकन लाभलेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारख्या मालाच्या उत्पादकांनी ही बाजू कशी मांडावी, याचा वस्तुपाठ चिक्कबळ्ळापूरच्या उत्पादकांकडे आहे. तो बंगळुरूच्या कोणत्याही प्रक्षेत्रावर पाहावयास मिळणार नाही.

तिसरा धडा संशोधक आणि शेतकरी यांच्या नात्याचा. तुमकूर जिल्ह्यातील चेळूर परिसरात एका शेतकऱ्याच्या जमिनीत तांबूस-लाल गऱ्यांचे एक फणसाचे झाड होते. बागवानी संशोधन संस्थेच्या तुमकूरजवळील हिरेहळ्ळी केंद्राने त्याचे गुण पारखले, ‘सिद्दू’ या नावाने ते पुढे आणले आणि शेतकऱ्याशी करार करून कलमांच्या विक्रीच्या उत्पन्नात त्याला वाटा दिला. दोड्डबळ्ळापूरजवळच्या तूबगेरे येथे कृषी विद्यापीठाच्या पाठबळाने फणस उत्पादकांचा संघ उभा राहिला. कोकणात बियांपासून वाढलेली फणसाची असंख्य झाडे परसात आणि बांधावर उभी आहेत. प्रत्येकाचा गर, रंग आणि हंगाम वेगळा. त्यांतील उत्तम झाड कोणते, हे ते ज्याच्या अंगणात आहे त्यालाच ठाऊक असते. तो ठेवा शोधून मालकाचा हक्क अबाधित ठेवत पसरविण्याची पद्धत चेळूरला जाऊन शिकता येईल.

नाचणीबाबतही हेच म्हणता येते. भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ मालिका निर्माण करणारे डॉ. लक्ष्मणय्या यांचे कार्य कर्नाटकातले. विद्यापीठात वाणांची माहिती मिळते. पण नाचणीच्या शेतात वाल, ज्वारी, कारळा, एरंड यांच्या ओळी पेरण्याची ‘अक्कडी सालू’ ही जुनी रीत गावातच पाहावी लागते. एका पावसाळ्यात घरचे धान्य, डाळ, तेल आणि जनावरांचा चारा देणारी ही रचना कोल्हापूर, नाशिक व कोकणातील नाचणी उत्पादकांनी आपल्या चढ-उताराच्या जमिनीत पडताळून पाहण्याजोगी आहे.

विशेष हे की शासकीय दौरे जेथे पोहोचत नाहीत, तेथे मराठवाड्यातील रेशीम उत्पादक स्वतःहून पोहोचले आहेत. कोषाला चांगला भाव मिळावा म्हणून ते शेकडो किलोमीटरचा प्रवास करून रामनगरच्या कोष बाजारात माल नेत आले आहेत. प्रतवारी कशी होते, लिलावात कोणता कोष मागे पडतो, हे त्यांना त्या बाजाराने शिकविले. पोटाच्या निकडीने ज्यांनी वेशीपलीकडची वाट धरली, त्यांचे शिक्षण पक्के झाले.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते निराधार नाहीत. संस्थेत एका छताखाली तज्ज्ञ भेटतात, गावोगाव फिरण्यात वेळ जातो, कन्नड कळत नाही, पन्नास जणांची बस लहान गावात न्यावी कशी, असे हे प्रश्न आहेत. त्यांवर उपाय अशक्य नाहीत. कोलार, चिंतामणी, हाडोनहळ्ळी आणि हिरेहळ्ळी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. महाराष्ट्रातील केंद्राने महिनाभर आधी पत्रव्यवहार केल्यास शेतकऱ्यांच्या भेटी ठरू शकतात आणि दुभाषाही मिळू शकतो. पन्नास जणांच्या मिश्र गटाऐवजी एका पिकाचे वीस उत्पादक न्यावेत. त्यांना एकमेकांचे प्रश्न ठाऊक असतात आणि यजमान शेतकऱ्याच्या अंगणात ते मावतातही. सर्वांत महत्त्वाचा बदल क्रमाचा आहे. पहिले दोन-तीन दिवस गावात व बाजार समितीत घालवावेत आणि संशोधन संस्था अखेरच्या दिवशी ठेवावी. मग शास्त्रज्ञांसमोर बसलेला गट कोलारच्या तलावाचे, तूबगेरेच्या फणसाचे, पहाटेच्या लिलावाचे प्रश्न घेऊन बसेल आणि शास्त्रज्ञांनाही अशाच श्रोत्यांची अपेक्षा असते.

हा बदल निकडीचा असण्याचे आणखी एक कारण आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ विमानतळ सुरू झाल्यापासून चकोतऱ्यासाठी मानांकन लाभलेल्या त्या तालुक्यात शेतजमिनीवरील दबाव वाढत गेला. तेथील १,७७७ एकर जमिनीचे प्रस्तावित संपादन शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मागे घेतले. महानगराच्या वाढीत तिच्या भोवतालची शेती टिकेल की नाही, हा प्रश्न पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिघातील गावांसमोरही उभा आहे. बंगळुरूच्या शेजारचे शेतकरी त्याला रोज तोंड देत आहेत.

पुढील हंगामाचे दौरे आखताना जिल्हा कृषी अधिकारी, ‘आत्मा’चे प्रकल्प संचालक आणि उत्पादक गटांच्या प्रमुखांनी आराखड्यात किमान दोन मुक्काम बंगळुरूच्या बाहेर धरावेत. परतल्यावर अहवालात छायाचित्राऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात: तेथील शेतकऱ्याने कोणती चूक टाळण्यास सांगितले, कोणती पद्धत आपल्या गुंठाभर जागेत करून पाहायची ठरली, आणि वर्षभराने तिचे काय झाले. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर लिहिले जाईल, तेव्हाच त्या दौऱ्यावरचा खर्च वसूल झाला असे म्हणता येईल.