फुफ्फुसाचे ऑपरेशन आणि 'शिकाऊ डॉक्टर': नातेवाइकांनी नेमके काय विचारावे?

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात फुफ्फुसातली गाठ काढायची तारीख मिळाली, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ऑपरेशन मोठे सर स्वतःच करणार ना?" ही भीती समजण्यासारखी आहे. संमतीपत्र घेऊन येतो तो तिशीही न ओलांडलेला रेसिडेंट, आणि सर दिसतात राउंडच्या वेळी पाच मिनिटे. तरीही, तुमच्या माणसाच्या जिवाच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा नाही, असे माझे मत आहे.

आधी थिएटरमधले पाहू. शिकणाऱ्या सर्जनच्या हाती ऑपरेशन एकदम सोपवले जात नाही. छाती उघडणे किंवा दुर्बिणीसाठी छिद्रे घेणे, चिकटलेले भाग सोडवणे, असे टप्पे आधी येतात. फुफ्फुसाच्या धमनीच्या फांद्या सोडवण्याचे काम फार नंतर मिळते, कारण या धमनीची भिंत पातळ असते आणि ती फाटली तर रक्तस्राव आवरायला क्षणांचाच अवधी असतो. वरिष्ठ सर्जन समोर उभे राहून ऑपरेशन करवून घेतात, तेव्हा वेळ थोडा जास्त लागतो. पण मृत्यू किंवा गुंतागुंत वाढत नाही, असेच बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. 'समोर उभे राहून' ही अट मात्र महत्त्वाची.

मग शिकण्याचा मुद्दा आताच एवढा का निघतो? कारण ऑपरेशनच बदलते आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 247 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीनंतर फुफ्फुसाचा अख्खा खंड काढणे हा नियम झाला होता. 2022 मध्ये जपानमधल्या 1106 रुग्णांच्या चाचणीने तो हलवला. 2 सेंटीमीटरपर्यंतच्या, कडेच्या गाठींसाठी खंडाचा फक्त एक उपभाग काढला, तर 5 वर्षांनी 94.3 टक्के रुग्ण हयात होते. अख्खा खंड काढलेल्यांत हेच प्रमाण 91.1 टक्के होते. मात्र उपभाग काढलेल्यांत गाठ त्याच जागी परतण्याचे प्रमाण जास्त होते, 5.4 ऐवजी 10.5 टक्के. 2023 मध्ये 697 रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही कमी भाग काढणे मागे पडले नाही. ब्रिटनमध्ये 9 रुग्णालयांतल्या 503 रुग्णांत दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर रुग्णालयातली गुंतागुंत 32.8 टक्के होती, तर छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर 44.3 टक्के.

हे वाचून लगेच "आम्हाला लहान ऑपरेशनच हवे" असा आग्रह धरू नका. आपल्याकडे गाठ अनेकदा मोठी झाल्यावरच कळते. जुन्या टीबीमुळे फुफ्फुस छातीला आणि गाठी रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या असतात. शिवाय उपभाग काढणे हे 'लहान' असले तरी सोपे नाही, कारण प्रत्येकाच्या रक्तवाहिन्यांची ठेवण वेगळी असते. भारतात हे सर्जन बहुधा हृदय-छाती-रक्तवाहिन्या या एकत्रित अभ्यासक्रमातून किंवा कर्करोग शस्त्रक्रियेतून येतात, आणि पहिल्या वाटेत हृदयाचेच काम जास्त असते. म्हणून "सर किती अनुभवी आहेत" यापेक्षा "हा विभाग वर्षाला फुफ्फुसाची किती ऑपरेशने करतो" हे विचारा.

खरा फरक बऱ्याचदा थिएटरच्या बाहेर पडतो. अमेरिकेत 84,730 रुग्णांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ती ऑपरेशने फुफ्फुसाची नव्हती, पोटाची आणि रक्तवाहिन्यांची होती. तरी त्यातला धडा इथेही लागू पडतो. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते, 26.9 आणि 24.6 टक्के. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी दगावले ते 12.5 आणि 21.4 टक्के. म्हणजे अडचण सगळीकडेच आली, पण काही ठिकाणी ती वेळेत ओळखून रुग्णाला सावरले गेले. फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर कफ साठतो, ठोके अनियमित होतात, नळीतून हवा येत राहते. रात्री दोन वाजता हे कोण पाहते? बहुधा तोच रेसिडेंट, ज्याची तुम्हाला भीती वाटत होती. तेव्हा विचारा: रात्री ड्यूटीवर कोण असते, आणि ते वरिष्ठांना केव्हा बोलावतात?

विभागाचे आकडे मागायला संकोच करू नका. आपल्याकडे असे आकडे सर्व रुग्णालयांना जाहीर करायला लावणारी राष्ट्रीय नोंदवही नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय ते कळणार नाहीत. मृत्यूचा आकडा 30 दिवसांचा आहे की 90 दिवसांचा, हेही विचारा. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनांत 90 दिवसांचा आकडा जवळपास दुप्पट भरल्याचे अमेरिकी नोंदींत दिसले आहे. "आमच्याकडे एकही मृत्यू नाही" असे उत्तर मिळाले, तर अवघड रुग्ण घेतले जातात का, हेही विचारून पाहा. जो विभाग स्वतःचे वाईट निकालही मोजतो आणि रेसिडेंटसमोर त्यांची चर्चा करतो, तिथे मी माझ्या घरच्या माणसाला निःशंक पाठवीन.

बाकी तुमच्या हातातले: तंबाखू-विडी आजच बंद, तीन चेंडूंचे यंत्र ऑपरेशनच्या आधीपासून, आणि नंतर छातीशी उशी धरून खोकणे. नळीची बाटली छातीच्या पातळीपेक्षा वर उचलू नका. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर विभागाचा फोन नंबर लिहून घ्या. ताप, वाढती धाप किंवा जखमेतून पू दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.