टाकाच्या फेकी

जून १८०२. लंडनच्या जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराचे एक चित्र प्रसिद्ध झाले. देवीची लस टोचून घेतलेल्या माणसांच्या नाकातून, कानातून, दंडातून छोट्या छोट्या गायी बाहेर पडताहेत आणि मधोमध उभा असलेला डॉक्टर शांतपणे पुढच्या बाईचा दंड टोचतो आहे. त्याच महिन्यात, १४ तारखेला, मुंबईत ॲना डस्टहॉल या चिमुरडीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. नव्या औषधाची लोकांनी किती धास्ती घेतली होती, हे त्या चित्राइतके स्पष्ट कुठलाही सरकारी अहवाल सांगत नाही.

आपल्या सातारा-सांगली भागातली व्यंगचित्राची रेघ मात्र वेगळ्या दिशेने गेली. १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुतणे शंकरराव, म्हणजे वाचकांचे शंवाकि, यांनी पंडित सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकलेचे धडे घेतले होते. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातमीपत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्यात संपादकाचाच टाक चालू लागला. त्याच्या व्यंगचित्रांचे ‘टाकाच्या फेकी’ हे नाव किती नेमके! शाईत बुडवलेला टाक जिथे नेम धरून फेकला जाई, ती जागा म्हणजे घरातली रूढी.

वाडीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून चालू होते. शस्त्रक्रिया गावापाशी आली, तरी अंगारा, गंडेदोरे, नवस काही सुटत नव्हते. अशा काळात डॉक्टरची टर उडवणे सोपे होते, टाळ्याही मिळाल्या असत्या. ‘किर्लोस्कर’ने बाजू घेतली ती विज्ञानाची, आणि व्यंगाचा रोख ठेवला रूढींवर. गिलरेचा हात विलक्षण होता, यात वाद नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला उपयोगी पडली ती वाडीची रेघ, असे माझे ठाम मत आहे.

‘किर्लोस्कर’चे ते अंक स्वस्त कागदावर छापलेले आहेत. कडा पिवळ्या पडतात, हात लावला की तुकडे होतात. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत आजीच्या ट्रंकेत ‘किर्लोस्कर’ आणि त्याची भावंड मासिके ‘स्त्री’, ‘मनोहर’ यांचे बांधीव खंड असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका. आधी उघडून चित्रे पाहा, मग जवळच्या नगर वाचनालयात नेऊन द्या.