बायकांना सोपंच का द्यायचं?

शिष्यवृत्ती परीक्षेचं कुठलंही मार्गदर्शक उघडा, त्यात 'शब्दसंपत्ती' नावाचं प्रकरण असतंच. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, लिंग बदला, शब्दसमूहाबद्दल एक शब्द. मुलं ते घोकतात आणि स्वयंपाक करता करता आया घोकून घेतात. त्यात एक जोडी हमखास सापडते : नवरा मरण पावलेली स्त्री म्हणजे विधवा, बायको मरण पावलेला पुरुष म्हणजे विधुर. जोडी कशी छान जमलीय! जणू दोघांची अवस्था एकसारखीच. पण आपल्या गावात, आपल्या चाळीत कुणा पुरुषाची ओळख 'हे विधुर' अशी करून दिलेली आपण कधी ऐकली आहे का? बायको गेलेल्या पुरुषासाठी लग्नाच्या बाजारातला खरा चालता शब्द होता 'बिजवर', म्हणजे दुसऱ्यांदा बोहल्यावर उभा राहणारा. तिकडे बायको गेली, की इकडे पुढच्या लग्नाचा शब्द तयार. आणि नवरा गेलेल्या बाईसाठी जो शब्द होता, तो आज शिवी म्हणून वापरला जातो. 'रांड' या शब्दाचा विधवा हा अर्थ जुन्या कोशांत सरळ दिलेला आहे. भांडणात हा शब्द फेकणाऱ्याला आणि झेलणारीलाही बहुतेक वेळा हे माहीत नसतं.

मार्गदर्शकातल्या यादीतून हे कळायला मार्ग नाही. ते कळतं देवलांचं 'शारदा' (१८९९) वाचताना किंवा हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचताना. हरिभाऊंची ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि ती यमू स्वतःच सांगते. 'केशवपन' हा शब्द पाठ्यपुस्तकात समाजसुधारकांच्या धड्यात येतो, 'केशवपनाची दुष्ट प्रथा' एवढाच. यमूचे केस जबरदस्तीने काढले जातात ते वाचल्यावर तो शब्द पुन्हा तसा कोरडा राहत नाही. त्या काळच्या लिखाणात भेटणारा 'आलवण' हा शब्दही तसाच. कोशात पाहिलं तर एक प्रकारचं तांबडं कापड. कथेत मात्र ते कुणाच्या अंगावर आहे, ती कुठल्या खोलीत बसली आहे, ती समोर आली की इतर बायका बाजूला का होतात, हे सगळं त्या एका शब्दाला चिकटून येतं.

हे लिहायचं निमित्त म्हणजे आपल्या चळवळीतच सतत ऐकू येणारा एक आग्रह. वस्तीत बायकांचा वाचनगट सुरू करायचा म्हटलं की कोणीतरी मैत्रीण म्हणतेच, "पुस्तकं सोपी घ्या हं. बायकांना जड शब्द कळत नाहीत." मग जोडाक्षरं टाळलेल्या पुस्तिका येतात, मोठ्या टायपातल्या, पानापानावर चित्रं असलेल्या. हेतू चांगलाच असतो. नवसाक्षर बाईला सुरुवात सोप्यापासूनच करावी लागते, याबद्दल वाद नाही. पण सुरुवात कुठे संपते? दहा वर्षं बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या, ग्रामसभेत उभं राहून बोलणाऱ्या बाईच्या हातातही आपण तीच पुस्तिका देत राहतो. तिच्या ताटात काय वाढायचं ते जसं घरात दुसरं कोणीतरी ठरवतं, तसं तिला किती शब्द पेलतील ते आपण ठरवायचं, हा कुठला न्याय?

सोप्या पुस्तकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बायकांनी अरक या स्वस्त दारूविरुद्ध जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी साक्षरता वर्गातलं वाचन होतं. तिथल्या वाचनपुस्तकात सीतम्मा नावाच्या बाईची आणि दारूची गोष्ट होती. बायकांनी ती वाचली आणि ही आपलीच गोष्ट आहे म्हणून दारूच्या दुकानांवर गेल्या. लढा पसरत गेला आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारला राज्यभर अरक बंद करावी लागली. ते पुस्तक सोपंच होतं. पण बायकांना उभं केलं ते त्याच्या सोपेपणाने नाही. त्यात गोष्ट होती, आणि गोष्टीतल्या बाईला काहीतरी मिळवायचं होतं.

आता कठीण शब्दांबद्दल. कठीण कोणाला? आमच्या गटात ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) वाचायला घेतलं तेव्हा पहिली अडखळ शीर्षकावरच झाली, आणि अडखळल्या त्या पदवीधर. रत्नागिरीकडच्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगो बाय, येवढी शिकलीस नि आयदान म्हायती नाय?" मग सुपं, टोपल्या, रोवळ्या, बांबू चिरून त्याच्या कामट्या कशा काढतात, त्या काढताना बोटं कशी फाटतात, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. नवरा गेल्यावर ऊर्मिलाताईंच्या आईने आयदानं विणून मुलं वाढवली, हे पुढे पुस्तकात येतंच. पण तोवर गटातल्या सगळ्यांना त्या शब्दाची किंमत कळली होती. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं अमुचं' वाचतानाही असंच झालं. बोलीतल्या शब्दांपाशी एम.ए. झालेल्या थांबायच्या, आणि चौथीत शाळा सुटलेल्या त्यांना पुढे न्यायच्या. शब्दकोश काढला असता तर ही उलटापालट झालीच नसती. म्हणून गटात वाचताना आम्ही एक पथ्य पाळतो : शब्द अडला तर लगेच कोश उघडायचा नाही. आधी पुढची दोन पानं वाचायची. तोच शब्द पुन्हा भेटतो, दुसऱ्या कुणाच्या तोंडी, वेगळ्या प्रसंगात. तिसऱ्यांदा भेटला की अर्थ बहुधा कोणीतरी स्वतःहून सांगते. कोश त्यानंतर, आणि तोही भांडायला. कारण कोश करणारे कोण होते, कुठल्या घरातले होते, कुणाच्या तोंडचे शब्द त्यांच्या कानावर पडत होते, हेही आपण विचारलं पाहिजे.

बेबीताईंनी स्वतः वाचन कसं केलं ते त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. फलटणला त्यांचं छोटंसं दुकान होतं. सामान बांधून द्यायला रद्दी यायची, तिचे तुकडे त्या वाचायच्या. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. लिहू लागल्या तेव्हा घरच्यांच्या भीतीने वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. ते लिखाण १९८२ साली 'स्त्री' मासिकात छापून येऊ लागलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. पुड्यांच्या कागदावर सोपे शब्द निवडून कोण छापणार? बाईने जे हाताला लागलं ते वाचलं.

याचा अर्थ न वाचणाऱ्या बाईकडे शब्द नसतात असा कोणी काढू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि १९५२ साली त्यांचा संग्रह निघाला तेव्हा जाणते लेखक थक्क झाले. जात्यावरच्या ओव्यांत शेत, नातं, पाऊस, माहेर यांचे शब्द मोजता येणार नाहीत इतके आहेत. मात्र जात्यावर जे बोलता येतं ते पोलीस ठाण्यात चालत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. सल्ला केंद्रात येणारी बाई पहिल्या दिवशी "त्रास आहे" एवढंच म्हणते. त्या एका शब्दात थपडा असतात, उपाशी ठेवणं असतं, पगार काढून घेणं असतं, रात्रीची बळजबरी असते. ठाण्यात त्या 'त्रासा'चा 'किरकोळ कौटुंबिक वाद' होतो आणि तिची सही घेतली जाते. १९८३ साली ४९८अ कलम आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. २००५ च्या कायद्याने तर शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक असे हिंसाचाराचे प्रकार नावानिशी सांगितले. कायद्यात शब्द आहेत. ते बाईच्या तोंडात बसले पाहिजेत.

कलमं पाठ करून ते बसत नाहीत, हे आपण शिबिरांतून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी निम्म्या विसरतात. पण कथेतली सून नवऱ्याने पैसे काढून घेतल्यावर काय म्हणते ते विसरत नाहीत. आमच्या गटातल्या एकीने ठाण्यात तक्रार वाचून दाखवायला लावली आणि 'वाद' या शब्दापाशी हवालदाराला थांबवलं. "साहेब, वाद दोघांचा असतो. मला मारलंय, तसं लिहा," असं ती म्हणाली. त्याने कुरकुरत खोडून लिहिलं. घरी मात्र तिला ऐकावं लागलं, "चार पुस्तकं काय वाचली, शब्द फुटायला लागले." हा टोमणा किती घरांत ऐकू येतो! रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात सासरच्या बायकांचा त्यांच्या शिकण्याला झालेला विरोध नोंदवला आहे. न्यायमूर्तींच्या घरात ही तऱ्हा, मग इतरांचं काय?

साहित्य वाचलं की सगळे शब्द मोकळं करणारेच मिळतात, असंही नाही. आपण मासिकांतल्या कौटुंबिक कथा वाचत मोठ्या झालो. 'सोशिक', 'समंजस', 'सोज्वळ', 'घरंदाज' हे शब्द आपण तिथेच शिकलो. अगदी प्रसंगासकट शिकलो, म्हणून तर ते इतके खोल रुतले. या कथांमधला सोशिक नवरा कोणाला आठवतोय का? त्या कथा टाकून द्याव्यात असं मी म्हणत नाही. गटात त्याही वाचाव्यात, आणि प्रत्येक 'सोशिक'पाशी थांबून विचारावं की काय सोसलं, कोणामुळे, आणि ते न सोसणारीला लेखकाने कुठला शब्द दिला. चळवळीच्या शब्दांनाही हाच प्रश्न लावावा. 'टाकलेली' ऐकायला वाईट वाटतं म्हणून आपण 'परित्यक्ता' आणला. सन्मान वाढला खरा, पण 'टाकलेली' म्हटलं की टाकणारा कोण हे विचारता तरी यायचं. संस्कृत शब्दात तो कुठल्या कुठे लपला. 'एकल स्त्री'त तर तो दिसतच नाही, आणि कदाचित तेच बरं, कारण तिथे ती त्याच्यावाचून उभी आहे. यावर गटात दोन बैठका भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.

राहिला प्रश्न पुस्तकं मिळण्याचा. १९६७ च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं, म्हणजे ती आपल्या पैशावर चालतात. पण अनेक ठिकाणी ती उघडतात सकाळी आणि संध्याकाळी, नेमक्या चुलीच्या वेळेला, आणि वर्तमानपत्राच्या बाकांवर पुरुष बसलेले असतात. दुपारी दोन ते चार ग्रंथालय उघडं ठेवा, अशी मागणी प्रत्येक गटाने आपापल्या गावात लेखी द्यावी. पुस्तकांच्या खरेदीच्या यादीत लक्ष घालावं. आम्ही पुढच्या तीन महिन्यांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणार आहोत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरातल्यांचे काय हाल झाले ते त्यात आहे, तेव्हा 'सोवळं' या शब्दावर एक दुपार नक्की जाणार. पुस्तक जाड आहे, शब्द जुने आहेत. एकीनेही अजून सोपी आवृत्ती मागितलेली नाही.